व्याह्यांची फ्रिक्वेन्सी

“ताई, एवढंच सांगा की चूक अहमदपूरवाल्यांची हाय,” दिगंबरराव म्हणाले. मी अजून बॅगची चेनसुद्धा उघडली नव्हती.

मी नांदेडात वायरलेस सेट दुरुस्त करते. दिगंबरराव विष्णुपुरीचे, रिटायर्ड मास्तर आणि हौशी रेडिओवाले. म्हणजे लायसन्स काढून घरबसल्या लांबलांबच्या लोकांशी बोलणारे. अहमदपूरचे माणिकरावही तसेच. दोघांची ओळख रेडिओवर झाली, मुलांचं लग्नही तिथंच ठरलं. आता ते व्याही, इकडच्या बोलीत इवाई. रोज सकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर त्यांच्या गप्पा चालायच्या आणि सूनबाई अर्चना स्वयंपाकघरात कणीक मळता मळता वडिलांचा आवाज ऐकायची.

पुढे दिगंबररावांना माणिकरावांचा आवाज बदकासारखा चिरका येऊ लागला आणि माणिकरावांना यांचा घोगरा. दोन्ही डिस्प्लेवर आकडा तोच, पण एका रेडिओची खरी फ्रिक्वेन्सी जरा सरकली की असं होतं. आत एक क्रिस्टल असतं, त्याच्या ठोक्यावर सगळं चालतं. ते जुनं झालं की ठोका चुकतो. कोणाचं चुकतंय हे नुसत्या आवाजावरून सांगता येत नाही. पण दिगंबरराव मुलाचे वडील, त्यांना ते आपोआप कळलं होतं.

“आलं का आमचं बदक?” असं ते रोज माइकवर विचारायचे. गावोगावचे हौशी ऐकायचे आणि हसायचे. शेवटी माणिकरावांनी रेडिओवर येणंच सोडलं.

आता पुराव्यासाठी दिगंबररावांनी एक डबी मागवली होती. ती जीपीएसच्या उपग्रहांवरून अचूक ठोका बनवून रेडिओला देते. याला एक्स्टर्नल रेफरन्स म्हणतात. ही जोडली की आतल्या क्रिस्टलला सुट्टी.

अर्चना कणकेच्या हातानंच पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “ताई, माझ्या बाबांचा रेडिओ खराब निघाला तर आज नका सांगू. ते परत कधीच येणार न्हाईत. फोनवर नुसतं ‘बरी हाईस ना’ म्हणून ठेवून देतात. रेडिओवरच काय ते मोकळं बोलतात.”

मला खोटं बोलणं जमत नाही. पण पोरीकडे बघून वाईट वाटलं.

डबीचा अँटेना खिडकीत ठेवला, तर वर पत्रा. उपग्रह दिसेनात. गच्चीच्या कठड्यावर नेला, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. मग काउंटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजायचं यंत्र, लावून आधी यांचाच रेडिओ तपासला.

“सर, सरकलाय तो तुमचा.”

“काउंटर कोणाचा?”

“माझा.”

“मग तोच चुकला असंल. अर्चना, लाव फोन तुझ्या बाबाला. म्हणावं, या रेडिओवर.”

लेकीनं बोलावलं म्हणून माणिकराव आले. मी केबल रेडिओच्या मागच्या सॉकेटला लावली. आवाज चिरकाच. अर्चनाचा चेहरा पडला. केबल लावून भागत नाही, आता बाहेरचा ठोका ऐक, असं मेनूत जाऊन सांगावं लागतं. मी ‘इंटर्नल’चं ‘एक्स्टर्नल’ केलं आणि बदकाचा एकदम माणूस झाला.

दिगंबरराव म्हणाले, “पहिल्यासारखं करा.”

केलं. बदक.

“आता डबीवर घ्या.”

माणूस.

यापेक्षा स्वच्छ पुरावा मी आयुष्यात दिलेला नाही. आता मास्तर कबूल करणार म्हणून मी हाताची घडी घालून उभी राहिले. त्यांनी खाकरून माइक उचलला.

“इवाई, तुमच्या आवाजात दोष होता. आमच्या डबीनं काढून टाकला. आता बिनघोर येत जा. ओव्हर.”

मी तोंड उघडलं. अर्चनानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

पलीकडून माणिकराव म्हणाले, “हाव इवाई, लई चांगली चीज घेतली. तुमचा आवाजबी आता मोकळा येऊन राहिला. अर्चना हाय का तिथं? ओव्हर.”

“हाय, बाजूलाच उभी हाय. बोला तुम्ही.”

आणि माणिकराव बोलत सुटले. गाईच्या कालवडीचं, आईच्या गुडघ्याचं, शेजारच्या बारशाचं. अर्चना कणकेच्या हातानं तशीच उभी. मी उगाच काउंटरची केबल गुंडाळत बसले.

रेडिओ अजून ठोक्याला ठोका चालतो. त्याचा ठोका चुकला तर बाहेरचा जोडायला मागं सॉकेट असतं. मुलाच्या बापाला ते देत नाहीत.