भानुदासची लाल सायकल

ऑर्केस्ट्रात गाणी ठरलेली असतात, किस्सा मात्र दर कार्यक्रमाला नवा जन्मतो. आमच्या ऑर्केस्ट्रात मी ढोलकीवर, रफीकभाई ऑर्गनवर आणि गायला भानुदास. पंधरा वर्षं वाजवलेलं निम्मं विसरलो, पण किस्से ध्यानात आहेत! त्यातले बहुतेक एकाच गाण्याचे. गाणं 'लाल सायकल'.

हे गाणं मूळचं मुंबईच्या एका गायकाच्या कॅसेटमधलं. कॅसेट काही चालली नाही. पण भानुदासनं ते असं उचललं, की पैठण रोडवरची वरात त्याशिवाय हलेना. 'पुन्हा एकदा' अशी आरोळी आली की आम्ही एकमेकांकडं न बघता थेट सायकलच काढायचो. दुसरं गाणं पुन्हा मागतंय कोण?

*

एकदा तो मूळ गायकच सिडकोतल्या कार्यक्रमाला आला. बिचाऱ्यानं जीव तोडून स्वतःचं गाणं म्हटलं. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी पाठ थोपटली, "चांगलं म्हणता, पण आमच्या भानुदासची सर नाय!"

गायकाला राग यायला हवा होता. तो विंगेत आला आणि भानुदासचा हात धरून म्हणाला, "अहो, दुसऱ्या कडव्यात ती तान कुठून आणलीत? मलाही शिकवा की!"

*

चितेगावच्या एका कंपनीत वार्षिक कार्यक्रम होता. भानुदासनं गणेशवंदना सुरू केली, तोच मागून कामगार ओरडायला लागले, "सायकल! सायकल!"

मॅनेजरसाहेब लालबुंद होऊन स्टेजवर चढले. माईक हिसकावला. "ही काय पद्धत झाली? शिस्त नावाची काही गोष्ट आहे की नाही? आधी वंदना होईल, मग माझं भाषण होईल..." कामगार खाली बसले. "आणि मग सायकल, दोनदा!"

*

पडेगावच्या लग्नात नवरी निघाली. आईच्या गळ्यात पडून रडतेय, मावशा रडतायत, नवऱ्याचेही डोळे भरलेले. आम्ही वाद्यं बांधत होतो. गाडीत एक पाय टाकल्यावर नवरी थांबली, डोळे पुसले आणि हाक मारली, "भानुदासकाका, सायकल राहिली!"

ती झाल्यावरच गाडी हलली.

*

आम्ही हसायचो, पण भानुदासला या गाण्याचा वीट आला होता. त्याचे वडील मेंढपाळ. मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ हिंडायचे. त्यांच्यावर भानुदासनं स्वतः एक संथ गाणं बांधलं होतं. ते वडिलांनी एकदा ऐकावं, एवढीच त्याची इच्छा. म्हातारा मात्र कधी कार्यक्रमाला फिरकला नाही. "मान्सं नाचत्यात नव्हं? मग ठीक हाय," म्हणायचा. मला भानुदासचं फार वाईट वाटायचं.

पाचोडला बाजाराच्या दिवशी त्यानं ते गाणं म्हणून पाहिलं. दुसऱ्याच ओळीला एक शेतकरी पाण्याचा तांब्या घेऊन स्टेजवर आला. "घसा बसला व्हय, दादा? पाणी प्या, दम घ्या. सायकल मागनं म्हना, काय घाई नाय."

गाणं तिथंच थांबलं.

*

पुढं एका गावच्या जत्रेत आमचा दुपारचा कार्यक्रम होता. म्हाताऱ्याच्या मेंढरांचा तळ नेमका शेजारच्या शिवारात पडला होता. भानुदास सकाळीच जाऊन वडिलांना घेऊन आला. म्हातारा मांडवाच्या कडेला घोंगडी टाकून बसला.

भानुदासनं लोकांना हात जोडले. "आज माझा बाप आलाय. एक गानं माझं ऐका, मग तुमचं म्हनतो."

रफीकभाई हळूच म्हणाले, "गा भानू, आज रुकना नै."

तो गायला. अख्खं गायला! कुणी पाणी आणलं नाही, कुणी सायकल मागितली नाही. शेवटची ओळ संपली. माझे डोळे भरून आले होते.

मग म्हातारा घोंगडीवरून उठला. माळावरून हाक मारावी तसा खच्चून ओरडला, "पुन्यांदा म्हन रं, पोरा! पुन्यांदा!"

माझी थाप पडली, रफीकभाईंची बोटं पडली, आणि लाल सायकल सुटली!

आम्ही दचकून भानुदासकडं पाहिलं. तो आमच्या आधीच पहिल्या कडव्यात पोचला होता.