निळी खडी

शी! त्या निळ्या खडीचं मीनाला नाव काढलेलं नको झालं होतं.

जाफराबादच्या नव्या घरात तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं, काचेची टाकी मांडली. तळाशी राहणारे सहा मिशीवाले मासे सोडले आणि खाली सोफ्याला मॅच होईल अशी निळीशार खडी टाकली, कडा अशा की बोट कापावं. पाहुणे वा वा करायचे. साफसफाई मात्र मीनाच्या नशिबी! खडी हलवली की फटींत कुजलेलं खाणं वर यायचं आणि असा वास सुटायचा की तिला घास गिळवायचा नाही.

मीना गवंड्याची लेक. बाप पुंजाराम गिलावा करायचा, वाळू चाळायचं काम हिच्याकडं. मूठ दाबली की वाळू कशी आहे ते ती डोळे मिटून सांगायची. पुढं शाळेत कारकून झाली, पण हाताची पारख गेली नाही. मासे त्या खडीत तोंड खुपसायला लागले की तिच्याच ओठांना टोचायचं. त्यांच्या मिशा झिजल्या, तोंडं लाल झाली. दोन मेले.

"अहो, हा मासा चाचपून खातो. खडी कापून राह्यली त्याला. बारीक वाळू टाकू."

"वाळू? लोक म्हणतील, बांधकाम अर्धवट राह्यलं. काही बी बोलती!"

तिसरा मेला. कल्याणनं तो चिमटीत धरून उकिरड्यावर फेकला आणि लगेच दुकानदाराला फोन लावला, "पुढच्या आठवड्यात अजून तीन पाठवा."

मीनाच्या मस्तकात तिडीक गेली. कसला माणूस हा!

ती बापाकडून नदीची बारीक, गोल कणांची वाळू घेऊन आली. चिमूटभर वाटीत घेऊन लिंबू पिळलं. फेस आला असता तर चुन्याचा अंश, म्हणजे माशांना वाईट. फेस आला नाही. मंग पाणी नितळ होईस्तोवर वाळू धुतली आणि खडी काढून तिच्या जागी ही वाळू अंथरली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तर काय! टाकीत परत तीच निळी खडी, न धुतलेली, आणि वाळू अंगणात ओतलेली.

"परवा धावड्याचे पाहुणे येऊन राह्यले," कल्याण म्हणाला.

मीनानं टाकीतली ओंजळभर खडी काढली, ताटात पसरली, वर वरण-भात वाढला.

"जेवा. हात लावायचा न्हाई. तोंडानं."

कल्याण हसला. मंग वाकला आणि वास नाकात शिरला.

"शी! ह्याच्यात कोण जेवंल?"

"ते तिघं दोन टाइम जेवतात."

त्यानं टाकीकडं बघितलं. तिन्ही मासे खडीत तोंड खुपसून बसले होते. एकालाही मिशी उरली नव्हती. तो उठला, घमेलं आणलं, बाही वर करून पाण्यात हात घातला. दुसऱ्याच मुठीला त्याला ओकारी आली.

"खालची बी काढा," मीना म्हणाली, आणि अंगणातली वाळू पुन्हा धुवायला घेतली.