शेजारच्या राजाचा गहू

कॉलेजात ज्या गेमपायी माझी एक अख्खी सेमिस्टर पाण्यात गेली, त्याची नवी आवृत्ती हातातल्या कन्सोलवर येणार हे कळल्यावर मी नवऱ्याला बजावलं होतं, "त्या शनिवारी माझ्याकडून स्वयंपाकाची अपेक्षा ठेवू नकोस." गेम आला आणि अगदीच फुसका निघाला. राज्य वसवायचं, सैन्य जमवायचं, शेजारचं राज्य जिंकायचं, एवढा साधा मामला. पण पूल दिसला की माझे सैनिक तिथेच थिजायचे आणि शत्रूची चाल होईपर्यंत माझा चहा निवायचा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम, सुट्टीतही तेच कोण करणार? रविवारी मी कन्सोल सोफ्यावर आपटला.

तेव्हा सासूबाई पुण्याहून चकल्यांचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. हॅम्बर्गचा पाऊस त्यांनी निभावून नेला असता, नातीच्या जर्मनपुढे मात्र हात टेकले. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आजीने "भूक लागली का गं?" विचारावं आणि हिने "नाइन, श्पेटर", म्हणजे 'नाही, नंतर', म्हणून पळ काढावा. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "अगं, माझं तिकीट अलीकडचं करता येईल का बघ. इथे माझं काय काम?" मला फार वाईट वाटलं. लेकीचा रागही आला, पण रागावून कुणी बोलायला लागतं का?

तो कन्सोल सासूबाईंनीच उचलला. बटणं जमेनात, स्क्रीनवरचं जर्मन वाचता येईना. नात शेजारी येऊन बसली. बटणं तिची, हुकूम आजीचा. आजीला जर्मनमध्ये सांगून काही उपयोग नव्हता, त्यामुळे पोरीला मराठीचा आधार घ्यावाच लागला.

"आजी, बाजूवाला राजा... तो गहू पाठवला."

"त्याने पाठवला. मग त्याची गाडी रिकामी धाडू नकोस. आपल्याकडे काय आहे?"

"मध."

"घाल मध."

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो आई, तो शत्रू आहे! गहू ठेवून घ्या आणि हल्ला करा!"

"असेल शत्रू. म्हणून त्याचं भांडं रिकामं परत करायचं?"

"गेनाऊ, मम्मा!" 'अगदी बरोबर' म्हणत लेकीने आजीची बाजू घेतली.

मग त्या राजाने मीठ पाठवलं, आजीने लोकर. गेममधली ही आणखी एक चूक. भेटी मिळत राहिल्या की तो राजा लढाईचं नावच काढत नाही, आणि लढाई नाही म्हणून गेम संपत नाही. माझ्या हातात असतं तर मी तो बाजारात येऊच दिला नसता. या दोघी मात्र शाळा सुटली की रोज राज्यकारभाराला बसत. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ख्रिसमसला बिस्किटं दिली होती. त्यांची ताटली माझ्या ओट्यावर कितीतरी दिवस धूळ खात होती. एका दुपारी लेकीने ती आजीकडून शंकरपाळ्यांनी भरून घेतली आणि आजीचा हात धरून खाली गेली. दोघी वर आल्या त्या त्याच ताटलीत केक घेऊन. मी कपाळावर हात मारला.

सासूबाई निघायच्या दिवशी चकल्यांचा रिकामा डबा बॅगेत ठेवत होत्या. लेकीने तो ओढून घेतला आणि आपल्या खोलीत पळाली. परत आली तेव्हा डबा तिच्या ठेवणीतल्या गमीबेअर्सच्या गोळ्यांनी काठोकाठ भरलेला होता.

"अगं, एवढं चिवट मी कशाने चावू? दात कुठे आहेत मला?"

"नको खाऊ," लेक म्हणाली. "पण आता तुझी चाल आहे, आजी."

सासूबाईंनी तो डबा बॅगेत भरलाच नाही. विमानतळापर्यंत मांडीवर घेऊन बसल्या.