डाव्या बाजूची जागा

आत्या गेल्याचं तिच्या सुनेनं, वहिनीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी चंद्रपूरला ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "दुपारी जेवल्या, आन् बसल्या जागीच गेल्या," एवढंच ती म्हणाली. शेवटी आत्या माझ्याबद्दल काही बोलली का, हे विचारायचं होतं… विचारलं नाही.

पोंभुर्ण्याजवळच्या त्यांच्या गावात कुणाच्याही डोळ्यात काही गेलं की तो आत्याकडे यायचा. ती पापणी उलटायची, जिभेचं टोक अलगद फिरवायची आणि निघालेला कण जिभेवर दाखवायची. धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत तर अंगणात पोरांची रांग लागायची. मी तेरा वर्षांची होते. इंग्रजी शाळेतली, कुणाशी फारसं न बोलणारी, दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेलेली. चुरणं बघत उभी असताना डाव्या डोळ्यात धानाचं कुसळ गेलं. "इंग्रजीत रडून राह्यली काऊन? मले समजते तसं रड ना!" म्हणत तिनं माझंही कुसळ काढलं. मी रडता रडता हसले.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. आत्या म्हणाली, "दवाखान्यात जाऊ." मी म्हणाले, बरं आहे. बाबांनी फोनवर विचारलं तेव्हाही, बरं आहे. ते आले असते तर तिला बोलले असते, आणि मला घेऊन गेले असते… चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्याला कुणी काही केलं होतं का?" मी म्हणाले, "नाही." कुसळासोबत बुरशी आत गेली, ते म्हणाले, पहिल्याच दिवशी आणलं असतं तर एवढं वाढलं नसतं.

हे आत्याला कुणी सांगितलं नाही. घरचं धान तसंच सोडून ती आमच्याकडे राहायला आली. साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन तासातासाला थेंब घालायची. एकदा स्वयंपाकघरात आईला म्हणाली, "माह्या जिभेनंच पोरीचा डोळा नेला, माय." मी पडद्याआड होते. उशीर मी केला, एवढंच आत जाऊन सांगायचं होतं. पाय उचलला नाही.

डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं; डावीकडचं सगळं धुक्यातलं. गावी परतल्यावर आत्यानं पुन्हा कुणाच्या डोळ्याला हात लावला नाही. "दवाखान्यात जा, बापू," म्हणायची. ते बरंच झालं, हे मला कळतं. पण तिचं अंगण ओस पडलं. मी गेले की मात्र ती न चुकता माझ्या डाव्या बाजूला बसायची, त्या बाजूनं कुणाचा धक्का लागू नये म्हणून. एवढी वर्षं ती तिथं हाताच्या अंतरावर होती, आणि मला एक वाक्य बोलता आलं नाही.

तेरवीच्या पंगतीत माझ्या डावीकडची जागा रिकामी राहिली. मला तिकडे तसंही नीट दिसत नाही. कडेच्या धुक्यात कुणी बसलंय, असं थोडा वेळ मानता येतं… मी हळूच म्हणाले, "आत्या, उशीर मी केला होता."

उजवीकडून वहिनीनं विचारलं, "काई म्हनलं का, बाई?"

"नाही," मी म्हणाले.