थांब्यावरचे बाबा

कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, शिकायला मी साखळीहून रोज पणजीला जायचे. जपानमधल्या वृद्धाश्रमात नोकरी हवी तर परीक्षा द्यायलाच हवी होती. बाबा चिडवायचे, "कांजी शिकूक पणजेक कित्याक जातंस? तुझी आवय घरीच करता!"

मेली ती अक्षरं डोक्यात राहीनात, म्हणून प्रत्येकात मी ओळखीचं एक माणूस बसवलं. 'वाट पाहणे' या अक्षराचा उच्चार मात्सु. त्यात बसवले बाबा: साखळीच्या थांब्यावर माशांची पिशवी घेऊन माझ्या बसची वाट बघणारे. मासे आठवले की मात्सु आठवायचं. आणि खरोखरच ते रोज संध्याकाळी तसे उभे असायचे.

परीक्षा तोंडावर आली आणि बाबा गेले. छातीत कळ आली, संपलं. चार दिवसांनी वही उघडली, तर त्या अक्षरात बाबा होतेच. पण पूर्वी ते रस्त्याकडे बघायचे, आता माझ्याकडे बघत होते. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. खोटं कशाला सांगू, मला स्वतःच्या बापाची भीती वाटली. वही मिटली तरी ते हलेनात.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. एकुलती एक, म्हणून मीच. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही येईना. काका हात जोडून म्हणाले, "वहिनीक मी सांभाळतलंय." काही नाही. मी म्हटलं, "जपानला जात नाही, बाबा." तरी नाही. ऊन चढलं. "गो बाये, तुझ्याकडेच कायतरी अडकलाहा," काका पुटपुटले.

मला वहीतलं ते अक्षर आठवलं. गेलेल्या माणसाला मीच थांब्यावर उभं करून ठेवलं होतं! डोळे मिटून मनात म्हटलं, "बाबा, मी उतरले. तुम्ही जा आता." त्यांनी पिशवी सावरली, पाठ फिरवली आणि चालू लागले. डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर बसला होता.

परीक्षेत नेमकं तेच अक्षर आलं. मला नुसता थांबा दिसला. ना बाबा, ना पिशवी. समोर चार उच्चार छापलेले, आणि चारही परके. मी खूण केलीच नाही.

त्या संध्याकाळी साखळीला उतरले, बाजारात जाऊन बांगडे घेतले आणि परत थांब्यावर आले. दोन बसगाड्या आल्या, माणसं उतरली, पांगली. मी पिशवी धरून तिथेच उभी होते.