एलियाचे ठोकळे

केडगावच्या एलिया सुताराला एकाच माणसाचं चांगलं बघवत नसे, आणि तो माणूस त्याच्याच पडवीत बसून काम करणारा त्याचा धाकटा मावसभाऊ होता.

हा मावसभाऊ, कृपादान, नाताळच्या गव्हाणीसाठी लाकडी बाहुल्या कोरायचा. मेंढपाळ, उंट, मरिया, योसेफ. महायुद्ध संपलं त्या साली तर लांबलांबच्या गावांतून मागणी आली. त्या बाहुल्यांचे ठोकळे एलिया काढून देई. अकोल्याकडून आलेल्या शिवणीच्या लाकडावर तो कोळशाने आकृती काढी, एकदा समोरून, एकदा बाजूने. मग रेघेपर्यंत करवतीने जवळजवळ काप घ्यायचे, कापांमधल्या फाका पटाशीने उडवायच्या आणि उरलेलं वाकसाने तासायचं. यंत्राची करवत असते हे त्याने नुसतं ऐकलं होतं. संध्याकाळी खांदे भरून येत. माणसं मात्र यायची ती कृपादानचं काम बघायला.

"काय हात हाय भाऊजींचा," एलियाची बायको लिडिया भाकरी वाढताना म्हणाली. "उंट हसतोय असं वाटतं."

"त्या उंटाची मान कुनी काढली?"

"ती काय, लाकूडच की."

एलिया अर्ध्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवसापासून तो ठोकळ्यावर लाकूड कमी कमी ठेवू लागला. खांद्याचा उतार, गुडघ्याचा बाक, पदराची चुणी, सगळं आपणच काढून टाकी. कृपादानच्या वाट्याला नुसतं तोंड उरू लागलं.

"दादा, थोडं लाकूड ठिवा की," कृपादान म्हणाला. "मी पटाशी फिरवू कुटं?"

"जमत नसंल तर सांग तसं."

कृपादानने हातातला योसेफ त्याच्यापुढे ठेवला. "मग ह्याचं तोंड पन तुमीच काढा. तुमाला जमंल." त्यात टोमणा नव्हता. तेच एलियाला जास्त लागलं.

त्याने योसेफ कोरला. नाक आलं, डोळे आले, पण चेहरा रुसल्यासारखा दिसे. सुधारायला जावं तसा अधिकच आंबट झाला. परत देणं जिवावर आलं, म्हणून त्याने तो गुपचूप बाकीच्यांत ठेवून दिला.

नाताळाला शेजारची गोजरबाई गव्हाणीपुढे वाकली आणि म्हणाली, "कृपादाना, बाकी लई झ्याक झालंय. ह्या बाबाचं तेवढं पोट दुखतंय का रं?"

लोक हसले. कृपादानने एलियाकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय मावशी, तितं माजा हात चुकला."

एलियाच्या अंगाची आग झाली. वाईट का असेना, त्या गव्हाणीत तेवढी एकच बाहुली पुरती त्याची होती, आणि तीही कृपादानच्या नावावर गेली. तो योसेफ माझा आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

नव्या वर्षाचं लाकूड आलं तेव्हा एलियाने पुन्हा ठोकळे काढायला घेतले, आता अंगाला भरपूर लाकूड ठेवून. कृपादान खूश झाला. दोन्ही घरांचं जाणं-येणं, जेवणखाण पहिल्यासारखं चालू राहिलं. पण पुढे म्हातारपणी दोघे ओट्यावर बसत, तेव्हाही कुणी कृपादानच्या उंटांचा विषय काढला की एलिया उठून पाणी प्यायला आत जाई, आणि बोलणं संपेपर्यंत बाहेर येत नसे.