पुळिक्कडवूत कोणीही

सौदामिनी टीचर एका जागी स्वस्थ बसल्या, की समजायचं त्यांना ताप भरलाय. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या केरळातल्या आमच्या पुळिक्कडवू गावच्या शुश्रूषा मंडळाच्या सचिव झाल्या. मी लिस्सी, तिथली नर्स. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, दुखण्याचं औषध द्यायचं, हे आमचं काम.

आमची जीप पार खिळखिळी झाली होती. एक कंपनी नवी गाडी देणार होती. अर्जात एक रकाना होता: संस्थेचं ध्येय, एकाच वाक्यात, वाचणाऱ्याला स्फूर्ती देईल असं.

"टीचर, तीस वर्षं पोरांची वाक्यं तपासलीत, आता हे एक लिहा," अध्यक्ष उम्मर हाजिक्का म्हणाले. "शनिवारी पाचच्या आत पोचायला हवं. जरा भारदस्त होऊ द्या."

टीचर जीपमध्ये लिहायच्या, खोडायच्या, उतरताना पुन्हा लिहायच्या. मंगळवारी त्यांनी कुंजप्पनला वाचून दाखवलं, "वेदनामुक्त समाजाच्या निर्मितीसाठी अखंड कटिबद्ध." कुंजप्पन ताडी काढायचा. अकरा वर्षांपूर्वी माडावरून पडला, तेव्हापासून कमरेखाली मेलेला.

"वेदनामुक्त?" तो खो खो हसला. "मग ही लिस्सी दर मंगळवारी माझी पाठ सोलते ती काय?" हसू ओसरल्यावर म्हणाला, "दुखायचं ते दुखतंच, टीचर. पण वळणावर जीप खोकली, की वाटतं, चला, आलं कोणीतरी."

गुरुवारी माझा काळा चहा उकळायच्या आत टीचर दारात हजर.

"ऐक. पुळिक्कडवूत कोणीही एकट्याने दुखणं सोसणार नाही."

मला आवडलं. पण तोंडून निघून गेलं, "आणि कल्याणीअम्मा?"

टीचरचा चेहरा उतरला. वरच्या टेकडीवरच्या कल्याणीअम्माला तोंडाचा कॅन्सर होता. ओणमच्या सुमारास तिच्या मुलाने, शिबूने, आमची पिशवी अंगणात भिरकावली होती. "तुम्ही आलात की माणूस जातंच," असं ओरडला होता. मग यादीतलं तिचं नाव टीचरनीच लाल शाईने खोडलं.

शुक्रवारच्या बैठकीत टीचर म्हणाल्या, "वाक्य तयार आहे, पण खोटं आहे. उद्या टेकडीवर जाऊन येते, मगच पाठवू."

"ध्येय म्हणजे उद्याची गोष्ट हो!" हाजिक्का वैतागले. "ती आजच खरी कशाला असायला हवी?"

"मग उद्याच जाते म्हणतेय ना."

शनिवारी जीप अर्ध्या चढावर बसली. उरलेली टेकडी आम्ही चालत चढलो. शिबू पायरीवर डोकं धरून बसला होता.

"परत कशाला आलात?"

"सातवी ब ना रे तू? आई कशी आहे?"

"कण्हते. मला ऐकवत नाही, टीचर. म्हणून बाहेर बसतो."

"आत चल. आपण तिघं ऐकू."

जखम इतकी चिघळली होती की मलाही क्षणभर मान फिरवावी लागली. शिबूने तसराळं धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. औषध लागू पडल्यावर कल्याणीअम्माने लेकाकडे बोट करून खूण केली, याला जेवायला घाला. टीचरनी चुलीवर तांदळाची कंजी ठेवली.

खाली उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. सोमवारी अर्ज पाठवला, पण मुदत टळली होती; गाडी दुसऱ्याच संस्थेला गेली. हाजिक्का महिनाभर टीचरशी बोलले नाहीत. कल्याणीअम्मा सात आठवडे जगली. तिला पोचवून आल्यावर हाजिक्कांनी स्वतः रंगारी बोलावला आणि ते वाक्य कार्यालयाच्या दाराच्या वर, भिंतीवर रंगवून घेतलं.

त्याने टीचरना चैन पडेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. दारातून जाताना त्या वर बघायच्या आणि चहाच्या टपरीवर जाऊन विचारायच्या, "कोणी राहिलंय का रे?" एकदा कळलं, रबराच्या मळ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बंगाली मजूर पाय सडून पडलाय.

"टीचर, तो आपल्या गावचा कुठे?" हाजिक्का म्हणाले.

"पुळिक्कडवूत असं लिहिलंय, हाजिक्का. पुळिक्कडवूचा असं नाही."

हाजिक्का कपाळावर हात मारून उठले आणि जीपची किल्ली शोधू लागले.